वूल्तुरेच्या द्राक्षबागेत यायचं ठरवतोयस, तर

भाऊ, तू विचारलंस की दिंडोरीतला द्राक्षबागेचा अनुभव दक्षिण इटलीतल्या छोट्या सेंद्रिय वाइनरीत चालेल का, आणि एजंट मागतोय ते पैसे भरू का.

पैसे भरू नकोस, हे आधी. इथला हंगामी परवाना कामगार काढत नाही, मालक काढतो. सरकार कोटा जाहीर करतं, मालक ऑनलाइन अर्ज करतो, त्याला ‘नुल्ला ओस्ता’ म्हणजे तुला कामावर घ्यायची सरकारी परवानगी मिळाली की मग तू मुंबईत व्हिसा मागायचा. तोही जास्तीत जास्त ९ महिन्यांच्या कामाचा. माझ्याकडून एकाने पैसे घेतले, आणि इथे उतरलो तर कागदावरचा मालक फोनच उचलेना. ती पहिली थंडी आठवली की अजून पोटात गोळा येतो. म्हणून मालकाशी स्वतः व्हिडिओवर बोलल्याशिवाय तिकीट काढू नकोस.

आता बागेचं. मी बासिलिकातातल्या बारिले गावात आहे, वूल्तुरे या विझलेल्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी. बाग सगळी आल्यानिको या काळ्या द्राक्षाची. ही इथली जुनी जात फार उशिरा पिकते, तोडणी ऑक्टोबर अखेरीस, कधी नोव्हेंबरात. आपल्यासारखी एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी असं नाही. वेल हिवाळ्यात खरोखर झोपते, छाटणी एकदाच. थॉमसन या खायच्या द्राक्षाचा मणी फुगवायला आपण घड जिबरेलिकमध्ये, म्हणजे वाढीच्या संप्रेरकात, बुडवतो. इथे मणी लहानच हवा, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो. उरलेले घड नीट पिकावेत म्हणून भर उन्हाळ्यात चांगले हिरवे घड कापून जमिनीवर टाकताना पहिल्या वर्षी माझा हात अडखळायचा. आपल्या बापाने एकेक घड जपलेला असतो ना.

डाऊनी आणि भुरी हे बुरशीचे रोग इथेही आहेतच. हाताशी मुख्यतः तांबं आणि गंधक, आणि तांब्यालाही मर्यादा: ७ वर्षांत हेक्टरी २८ किलो. म्हणून वार ठरवून फवारणी नाही. आधी हवामान बघायचं, पानं उलटून बघायची, मगच पंप पाठीवर. सेंद्रिय रेड वाइनमध्ये सल्फाइट, म्हणजे वाइन टिकवणारं रसायन, हेही लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावं लागतं, तेव्हा सडका मणी क्रेटमध्येच वेचून काढायचा.

तळघर दगडात कोरलेलं आहे. आंबवण सुरू झाली की साली फुगून वर येतात, त्या दिवसातून दोन-तीनदा लाकडी दांड्याने खाली दाबायच्या. दांडा आत गेला की खालून गरम वाफ आणि काळ्या चेरीसारखा वास येतो. मला हे काम सगळ्यात प्रिय आहे. पण तिथे एकट्याने कधी उतरायचं नाही. कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साचतो आणि माणूस आवाजही न करता पडतो.

बारमाही काम छोट्या वाइनरीत क्वचितच मिळतं, हे घरी आधीच सांग. इंग्रजीवर गावात भागत नाही, इटालियन आजपासून शीक. आणि कराराचा कागद आला की सही करण्याआधी मला पाठव, ओळन् ओळ वाचून सांगतो.