दुसऱ्या वर्षी काढून टाकलं तर?

प्रश्न : आम्ही अमेरिकेत असतो, मुलगी बारावीला आहे. ॲक्टिंगच्या बीएफएसाठी (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स, चार वर्षांची डिग्री) ऑडिशन दिल्या होत्या, दोन ठिकाणी सिलेक्शन झालंय. एक एकदम नावाजलेलं, पण तिथे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी काही मुलांना कट करतात, म्हणजे कोर्समधून काढून टाकतात. दुसरं तेवढं नावाचं नाही पण कट नाही. मुलगी पहिल्यावर अडून बसलीये, हे म्हणतात दुसरंच घ्या. १ मेच्या आत कळवायचंय. काय करावं?

उत्तर : ताई, आधी लेकीचं अभिनंदन. या ऑडिशनला गर्दी किती असते ते तुम्ही बघितलंच असेल, त्यात दोन ठिकाणी हो येणं म्हणजे पोरीत दम आहे.

आता कटचं. ही पद्धत जुनी आहे आणि बऱ्याच ठिकाणी मोडीत निघालीये. न्यूयॉर्कच्या नामांकित ज्युलियार्ड स्कूलमध्ये एकेकाळी मधेच मुलं काढायचे, पुढे त्यांनी ते बंद केलं, शिकागोच्या डीपॉल युनिव्हर्सिटीनेही बंद केलं, आणि त्यांचं नाव काही कमी झालं नाही. त्यामुळे कट असला की दर्जा चांगला असणार, हे मला तरी पटत नाही.

तरी सगळे कट सारखे नसतात. कॉलेजला सरळ विचारा, किती मुलं काढायची हा आकडा आधीच ठरलेला असतो की जो कमी पडेल तोच जातो? आकडा ठरलेला असेल तर सगळी बॅच चांगली निघाली तरी कोणीतरी जाणारच, आणि मग वर्गात काय होतं, जिला रडायचे सीन मस्त जमतात ती दोन वर्षं रडायचेच सीन करत बसते, कॉमेडीला हातच लावत नाही, कारण सगळ्यांसमोर आपटलो आणि सरांच्या तेच लक्षात राहिलं तर? अहो, आपटायलाच तर कॉलेजात जायचं ना! असं असेल तर मी ते कॉलेज सोडून देईन, नाव कितीही मोठं असो.

पण आकडा नसेल, दर सेमिस्टरला लेखी फीडबॅक मिळत असेल, काढायच्या आधी वॉर्निंग देऊन सुधारायला वेळ देत असतील, तर मुलीचं ऐकायला हरकत नाही. फक्त काढल्यावर पुढे काय ते पक्कं करून घ्या. त्याच युनिव्हर्सिटीत थिएटरच्या बीएला जाता येतं का, क्रेडिट धरतात का, स्कॉलरशिप राहते का. दुसरीकडे बीएफएला गेली तर पुष्कळदा पुन्हा फर्स्ट इयरपासून बसवतात, कारण व्हॉइस, मूव्हमेंट, सीन स्टडी हे एकावर एक रचत नेलेलं असतं. म्हणजे चारऐवजी सहा वर्षांची फी, हे तुमच्या मिस्टरांच्या कानावर घाला, ते बहुतेक त्यालाच घाबरतायत. आणि नावाजलेल्या कॉलेजचा जो मोठा फायदा, शेवटच्या वर्षीचा शोकेस, म्हणजे मुलांच्या कामाचा जो कार्यक्रम एजंट आणि कास्टिंगवाले बघायला येतात तो, तो चौथ्या वर्षापर्यंत टिकलेल्यांनाच मिळतो बरं का.

दुसऱ्या कॉलेजबद्दलही निर्धास्त होऊ नका. कट नाही म्हणतात आणि प्रोबेशनवर, म्हणजे ‘सुधार नाहीतर जा’ अशा अटीवर टाकतात, किंवा तुला दुसरं काही जास्त सूट होईल असं इतक्यांदा म्हणतात की पोरगं आपणहून सोडतं. म्हणून दोन्हीकडे एक प्रश्न विचाराच : आत्ता चौथ्या वर्षाला जी बॅच आहे ती पहिल्या वर्षी किती जणांची होती, आणि गेले ते का गेले? नीट उत्तर देत नसतील तर त्यातच काय ते समजा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला, पण फॅकल्टी शेजारी उभी असताना नको.

आणि हे मेल मुलीला लिहू दे, तुम्ही लिहू नका. डिपॉझिट भरायच्या आधी उत्तरं हातात हवीत, त्यामुळे आजच बसवा तिला.