वाचकांचे प्रश्न : जलरंगातला चेहरा आणि इंदूरचा मे महिना

प्रश्न : दोन वर्षं जलरंगात फुलं, घरं काढते आहे. आता चेहऱ्याला हात घातला, तर गालाच्या कडेला रेघ उमटते आणि ती पुसायला जावं तर सगळं मातकट होतं. कातडीसाठी कोणते रंग घेऊ? (वाचिका, राजेंद्र नगर, इंदूर)

उत्तर : दोष रंगांचा नाही, ओलीचा आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी ठणठणीत आणि वर पंखा गरगरतोय. तुम्ही कपाळावरून हनुवटीपर्यंत येता तोवर कपाळ वाळायला लागतं. वाळत्या कडेवर रंग साचतो, तीच ही रेघ. पंखा बंद करा, सकाळी लवकर बसा. चेहऱ्याचा भाग आधी स्वच्छ पाण्याने ओला करा, पाच मिनिटं मुरू द्या, पुन्हा एक हात पाणी फिरवा. मग रंग.

पहिला थर यलो ऑकरमध्ये (मातीचा पिवळा) किंचित लाइट रेड (विटकरी लाल), कोऱ्या चहाइतका पातळ. बोर्डाच्या वरच्या कडेखाली एक जाड पुस्तक ठेवा आणि १२ नंबरच्या गोल ब्रशने कपाळ, गाल, मान सलग रंगवा. केसांच्या रेषेपाशी थांबू नका, रंग केसांत शिरू द्या, नाहीतर टोप घातल्यासारखं दिसतं. कोरा ठेवायचा तो फक्त नाकावरचा आणि खालच्या ओठावरचा उजेड. थर ओला असतानाच गाल, कान आणि नाकाच्या शेंड्यावर गुलाबी टेकवा. अलिझरिन क्रिमसन मात्र टाळा, उजेडात विटतो. क्विनाक्रिडोन रोझ टिकतो.

टेकवताना ब्रश कागदापेक्षा कोरडा हवा. तो जास्त ओला असला की त्यातलं पाणी आधीच्या रंगाला ढकलतं आणि फुलकोबीसारखी कड उठते. कागद खिडकीकडे तिरपा धरून पाहा : चकाकतोय तोवर रंग टाकायला हरकत नाही. चमक गेली, पण हाताची पालथी बाजू टेकवल्यावर गार लागतोय, तर ब्रश खाली ठेवा. चेहरे बिघडतात ते बहुतेक याच वेळात.

पूर्ण वाळल्यावर सावल्या : डोळ्यांच्या खोबणी, नाकाखाली, खालच्या ओठाखाली, मान. बर्न्ट सायना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा), एवढेच दोन. सावळ्या चेहऱ्याला हीच जोडी दाट करायची, काळा घालायचा नाही. एका फटकाऱ्यात लावा आणि गालाकडची कड ओलसर ब्रशने विरघळवा. नाकाची पडछाया तशीच धारदार राहू द्या. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून लावताना सावली जरा जास्तच वाटली पाहिजे. आणि पुन्हा पुन्हा घासू नका. खालचा थर उकलून वरच्यात मिसळला की मातकटपणा आलाच.

प्रश्न : गेल्या वर्षी घेतलेल्या ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) कागदावर वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, दिला की गडद ठिपके उठतात. रंग खराब आहे का?

उत्तर : कागद. त्याला लावलेली खळ पावसाळ्याच्या दमटपणात मरते आणि तिथे रंग थेट आत शोषला जातो. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवून पाहा. चांगल्या कागदावर तो उभा राहतो, याच्यावर टिपकागदासारखा जिरेल. असे ताव पेन्सिलीला किंवा पोस्टर रंगांना वापरा, चेहऱ्याला नको. नवे ताव प्लॅस्टिकमध्ये बंद करून, ओल धरणाऱ्या भिंतीपासून लांब ठेवा.

प्रश्न : ज्या इंदुरात चित्रकार ना. श्री. बेंद्रे कलाशिक्षक देवळालीकरांकडे शिकले तिथे फोटोवरून माणसं काढायची लाज वाटते. पण घरात आजीशिवाय कोणी बसत नाही आणि तिला पंधरा मिनिटांत डुलकी लागते.

उत्तर : मग अडलंय कुठे? झोपलेल्या माणसाइतकं स्थिर कोण बसतं! आजींची खुर्ची खिडकीच्या बाजूला घ्या, उजेड एकाच अंगाने येऊ द्या. डोकं हे माप धरा. उभा माणूस साधारण साडेसात डोकी भरतो. खुर्चीवर बसल्यावर मांड्या आडव्या होतात, म्हणून जमिनीपासून साडेपाचच्या आसपास. पातळाच्या चुण्या मोजत बसू नका. कापड खांदा, कंबर आणि गुडघा इथे ताणलं जातं. तिथून निघणाऱ्या चार-पाच ओळी सरळ काढा, मांडीवर साचलेलं कापड गोलाईत. पातळाची सावली आणि खुर्चीची सावली एकाच वॉशमध्ये मिसळली तरी चालेल. मिसळलेलीच बरी, नाहीतर आकृती कातरून चिकटवल्यासारखी दिसते.

फोटोची लाज नको, पण तो दोन मीटरवरून काढा आणि मग कापा. जवळून काढला की नाक फुगतं, कान मागे जातात. फोटोत हनुवटीखाली नुसता काळोख दिसतो. समोर बसलेल्या आजींच्या हनुवटीखाली मात्र पांढऱ्या पातळाचा उजेड परतून आलेला दिसेल. तो पाहिल्याशिवाय मान रंगवू नका.

प्रश्न : माझ्या चित्रांतले डोळे वटारल्यासारखे का दिसतात?

उत्तर : बुबुळाभोवती कोरा कागद सोडता म्हणून. पहिला थर डोळ्यांवरूनही जाऊ द्या. वाळल्यावर वरच्या पापणीची सावली अगदी पातळ निळसर करड्या रंगात बुबुळासकट आडवी घ्या. पांढरा राहील तो फक्त बुबुळावरचा मोहरीएवढा ठिपका.