अमेरिकेच्या सरकारी दफ्तरातले गमतीदार किस्से खरे असतात का? मूळ कागद कुठे बघायला मिळतात?

बरेचसे खरे आहेत, आणि त्यातले गाजलेले मूळ कागद घरबसल्या फुकट बघता येतात. फक्त एक सुटा कागद बघून थांबू नका. खरी मजा बहुतेक वेळा त्याला जोडलेल्या टिपणात आणि समासातल्या शेऱ्यात असते.

गायक एल्व्हिस प्रेस्लीचंच घ्या. राष्ट्राध्यक्ष निक्सनशी हस्तांदोलन करतानाचा त्याचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण त्यामागची कागदपत्रं फोटोपेक्षा भारी आहेत. 21 डिसेंबर 1970 च्या सकाळी एल्व्हिस स्वतः व्हाइट हाउसच्या फाटकावर पत्र देऊन गेला. पत्र अमेरिकन एअरलाइन्सच्या कागदावर, हाताने लिहिलेलं. मागणी काय, तर अंमली पदार्थांविरुद्ध काम करायला मला ‘फेडरल एजंट ॲट लार्ज’, म्हणजे केंद्र सरकारचा कुठेही काम करू शकणारा एजंट, करा. हॉटेलात जॉन बरोज या नावाने उतरलोय, हेही त्यातच लिहून टाकलंय. मग कर्मचाऱ्यांनी टिपण वर पाठवलं: सरकारबाहेरच्या हुशार तरुणांना भेटायचं असेल तर सुरुवात प्रेस्लीपासून करायला हरकत नाही. त्या वाक्याशेजारी चीफ ऑफ स्टाफ हाल्डमन यांचा शेरा आहे, ‘थट्टा करताय ना?’ आणि त्याच कागदावर मंजुरीची सहीही आहे! भेट त्याच दिवशी झाली. निक्सन यांचे कर्मचारी बड क्रोग यांनी लिहिलेल्या भेटीच्या टिपणात एल्व्हिसने निक्सनना अचानक मिठी मारल्याची नोंद सरकारी थाटात केलेली आहे. या भेटीची टेप मात्र शोधत बसू नका. निक्सन यांची ध्वनिमुद्रण यंत्रणा फेब्रुवारी 1971 मध्ये बसली.

दुसरा माझ्या आवडीचा कागद 6 नोव्हेंबर 1940 चा. सँटियागो दे क्युबातल्या शाळेतला फिदेल कॅस्ट्रो नावाचा मुलगा (पुढे क्युबाचा नेता झालेला) राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना फेरनिवडीबद्दल अभिनंदन कळवतो आणि लगेच दहा डॉलरची हिरवी नोट पाठवा म्हणतो, कारण त्याने ती कधी पाहिलेली नाही. वर आमिष असं, की जहाजं बांधायला लोखंड हवं असेल तर मायारीच्या खाणी दाखवतो. वय 12 लिहिलंय. 1926 हे त्याचं प्रचलित जन्मवर्ष धरलं तर ते 14 भरतं. नोट काही मिळाली नाही.

शोधणारे इथेच फसतात. पत्र रूझवेल्टना आहे म्हणून ते रूझवेल्ट यांचे कागद जपणाऱ्या रूझवेल्ट लायब्ररीत हुडकतात, पण ते आहे परराष्ट्र खात्याच्या वकिलातींच्या दफ्तरात, म्हणजे रेकॉर्ड ग्रुप 84 मध्ये. व्हाइट हाउसने ते खात्याकडे ढकललं आणि पोच हवानाच्या वकिलातीमार्फत गेली. म्हणून कागद कुणाला लिहिला यापेक्षा त्यावर कार्यवाही कोणत्या कचेरीने केली, ते आधी बघा.

शोध नॅशनल आर्काइव्ह्जच्या, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या, ऑनलाइन कॅटलॉगमध्ये करायचा. ‘फनी लेटर’ टाकून काही हाती लागत नाही, कारण नोंदी बहुधा सुट्या कागदाच्या नसून अख्ख्या मालिकेच्या किंवा फोल्डरच्या असतात. व्यक्तीचं नाव, वर्ष आणि खातं इंग्रजीत टाका, मग ऑनलाइन उपलब्ध असलेल्यांपुरती चाळणी लावा. स्कॅन झालेला भाग एकूण दफ्तराच्या मानाने फार थोडा आहे, त्यामुळे निकाल शून्य आला तर कागदच नाही असं समजू नका. हूवर यांच्यापासून पुढच्या राष्ट्राध्यक्षांच्या कागदांसाठी त्यांच्या लायब्ररीची संग्रहसूची उघडा, त्यातून संग्रहाचं नाव, बॉक्स क्रमांक आणि फोल्डरचं शीर्षक टिपून ठेवा आणि तिथल्या आर्काइव्हिस्टला ईमेल करा. या तीन गोष्टी दिल्या की उत्तर नेमकं येतं; ‘एल्व्हिसबद्दल काही आहे का’ असं विचारलं तर मोघम येतं.

ध्वनिफितीही सोडू नका. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी 9 ऑगस्ट 1964 ला हॅगर कंपनीला फोन करून पँट्स मागवल्या. व्हिएतनाममध्ये लष्करी बळ वापरायची मुभा देणारा टोंकिन आखाताचा ठराव अमेरिकन काँग्रेसने दोनच दिवसांपूर्वी मंजूर केलेला, आणि इथे चर्चा खिसे निदान आणखी इंचभर खोल हवेत, नाहीतर पैसे आणि चाकू बाहेर पडतात, याची. लेखी प्रत वाचण्यापेक्षा मूळ फीतच ऐका, मधली ढेकरसुद्धा ऐकू येते. भाषा मात्र हेडफोन लावून ऐकण्यासारखी आहे.

आता सावध राहण्यासारखे दोन. अपोलो 11 च्या अंतराळवीरांचा कस्टम्सचा फॉर्म, ज्यात माल म्हणून ‘चंद्रावरचे दगड आणि धूळ’ आहे आणि रोग पसरण्याच्या शक्यतेपुढे ‘अजून ठरायचंय’ असं भरलंय, तो खरा आहे. पण तो मुख्यतः गंमत म्हणून भरलेला. तारीख 24 जुलै 1969 आणि ठिकाण होनोलुलू, तर त्या दिवशी तिघे पॅसिफिकमध्ये हॉर्नेट जहाजावर होते. दुसरा, पोस्टमनच्या झोळीत बाळ असलेला फोटो. 1913 ला पार्सल सेवा सुरू झाल्यावर काही पालकांनी खरंच मुलं टपालाने पाठवली, पण तो फोटो मुद्दाम मांडून काढलेला आहे.

आणि हे कागद कुठे छापणार असाल तर एवढं बघा: सरकारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या टिपणावर अमेरिकेत कॉपीराइट नसतो, पण बाहेरच्या माणसाने सरकारला लिहिलेल्या पत्रावर असू शकतो. म्हणजे हाल्डमन यांचा शेरा बिनधास्त छापा, एल्व्हिसच्या पत्रासाठी आधी चौकशी करा.