वाणिज्य शाखेची पदवी नसताना वैयक्तिक अर्थनियोजनावर मराठीत लेखन सुरू करता येईल का?

निश्चित येईल, मात्र सुरुवातीला एकच विषय धरावा आणि त्याचे मूळ नियम स्वतः वाचावेत. उदाहरणार्थ, पीपीएफची (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी या सरकारी बचत योजनेची) १५ वर्षांची मुदत सर्वच जण सांगतात. परंतु त्याचे व्याज दरमहा ५ तारखेच्या अखेरीपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर मोजले जाते, त्यामुळे ६ तारखेला भरलेल्या रकमेवर त्या महिन्याचे व्याज मिळत नाही, हे आकडेमोड करून दाखवणारा लेख वाचकाच्या खरोखर उपयोगी पडतो. सहकारी बँकेत आयुष्याची पुंजी ठेवणाऱ्यांना, ठेवविम्याचे ५ लाख रुपयांचे संरक्षण प्रत्येक खात्याला स्वतंत्रपणे नसून त्या बँकेच्या सर्व शाखांमधील आपल्या ठेवींना मिळून, तेही मुद्दल आणि व्याज धरून असते, हे स्पष्ट सांगणे तर मला फारच महत्त्वाचे वाटते.

अमुक समभाग घ्या किंवा विका, असा सल्ला मोबदला घेऊन देण्यासाठी सेबीची (शेअर बाजाराच्या नियामक संस्थेची) नोंदणी लागते. नोंदणी नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. चार-पाच लेख हाती आले की त्यांतील उत्तम लेख दैनिकाच्या अर्थविषयक पुरवणीकडे पाठवावा. एखाद्या कंपनीकडून मानधन घेतले असल्यास तसे लेखातच नमूद करावे.