घटपर्णीला घट का येत नाहीत?

प्रश्न: सहा महिन्यांपूर्वी नर्सरीतून संकरित घटपर्णी आणली. तांबडी माती, शेणखत आणि कोकोपीट समप्रमाणात घेऊन दहा इंची कुंडीत लावली. पाणी बोअरचं. पानं येतात, पण टोकाच्या तणाव्यावरची गाठ (जिचा पुढे घट होतो) वाटाण्याएवढी होण्याआधीच काळी पडते. आता पानांच्या कडाही करपल्यात. खत कमी पडतंय का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: कमी नाही, जास्त झालंय. घटपर्णी निकस जमिनीतली वेल आहे. नत्राची गरज ती घटात, म्हणजे पानाच्या टोकाच्या सुरईसारख्या पिशवीत, बुडालेल्या किड्यांवर भागवते. तिच्या काळ्या, केसासारख्या मुळांना हवा आणि क्षार नसलेली ओल, एवढंच हवं. तांबडी माती दबून हवा कोंडते, शेणखत आणि बोअरचं पाणी क्षार वाढवतं. करपलेल्या कडा ही त्याचीच खूण.

मिश्रण असं करा: दोन भाग लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस (ओल धरणारं वाळवलेलं शेवाळ), एक भाग पर्लाइट (हलके पांढरे सच्छिद्र खडे), एक भाग हरभऱ्याएवढे लोणारी कोळशाचे तुकडे. मॉस अर्धा तास भिजवून हलकं पिळा. कुंडीत भरताना दाबू नका. बहुतेक जण चुकतात ते इथेच. मॉस महाग वाटलं तर निम्म्या मॉसऐवजी नारळाच्या सोडणाचे तुकडे चालतील. पण सोडणं बऱ्याचदा खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतात, म्हणून ती दोन-तीन दिवस भिजवा आणि रोज दोनदा पाणी बदला. निथळलेल्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं मीटरवर दिसणारं प्रमाण, पीपीएममध्ये) ५० च्या खाली आला की वापरा.

रोप काढताना मुळं खरवडू नका, ती चटकन तुटतात. सुटेल तेवढीच माती सोडवा आणि पाच-सहा इंची कुंडी घ्या. काळी मुळं कुजलेली समजून कापू नका; कुजलेलं मूळ चिमटीत लिबलिबीत लागतं.

यापुढे फक्त पावसाचं किंवा आरओचं पाणी. वरून घाला, निथळू द्या. कुंडी पाण्याच्या ताटलीत उभी ठेवू नका. तीन आठवडे सावलीत, सैल प्लॅस्टिक पिशवीखाली ठेवा. मग हळूहळू सकाळचं तीन तास ऊन द्या. करपलेली पानं सुधारणार नाहीत. नव्या पानांवर घट यायला दोन-तीन महिने लागतात. तेव्हाही गाठी सुकल्या, तर हवेतला ओलावा किंवा उजेड कमी पडतोय असं समजा. एसीचा झोत तर नकोच. मॉस दीड-दोन वर्षांत कुजून दबतं, तेव्हा बदला.

प्रश्न: मेघालयातली घटपर्णी मुंबईत लावता येईल का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर: नेपेंथिस खासियाना ही भारतातली एकमेव देशी घटपर्णी. ती खासी, जैंतिया आणि गारो टेकड्यांत वाढते. तिला थंड रात्री मानवतात, तरी उष्मा ती बऱ्यापैकी सोसते. मात्र जंगलातून उपटलेलं रोप कधीही घेऊ नका. ती संकटग्रस्त आहे आणि साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. बियांपासून किंवा ऊतिसंवर्धनाने (टिश्यू कल्चर) वाढवलेलं रोपच मागा. मुंबईच्या दमट, गरम रात्रींना सखल प्रदेशातल्या मिराबिलिस, अँप्युलारिया किंवा राफ्लेसियाना या घटपर्णीच्या जाती जास्त योग्य.

प्रश्न: प्रवासात घटातलं पाणी सांडलं. काय करू? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: घट हिरवा असेल तर डिस्टिल्ड पाणी तळापासून एक तृतीयांशापर्यंत भरा. मांसाचे तुकडे मात्र घालू नका, घट आतून सडतो. महिन्यातून एका घटात एखादी मुंगी पडली तरी पुरते.