अंगतपंगतीनंतर तलंग लंगडली, म्हणून अंगतपंगत बंद करू नका

ताई, तुमचा प्रश्न निम्मा वाचला तेव्हाच पुढचं काय असणार ते कळलं. तुमच्या अंगणात कोंबड्या पाळणाऱ्या मंडळींची अंगतपंगत झाली. आठवड्याभरात चार महिन्यांची एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, लंगडायला लागली, मग एक पाय पुढे आणि एक मागे टाकून बसली आणि शेवटी मेली. आता तिच्याच वयाची दुसरी वाळत चाललीय. त्या दिवशी गटातल्या एका बाईंनी डालग्यातून पिल्लं आणली होती, म्हणून सगळ्यांचा रोख त्यांच्यावर. पुढची अंगतपंगत रद्द करावी का आणि त्या बाईंना बोलवावं की नाही, हे तुम्ही विचारलंय.

मी पशुवैद्य नाही, हे आधीच सांगते. अंगणातल्या कोंबड्यांमागे बरीच वर्षं घालवलेली एक बाई, एवढीच माझी लायकी. लांबून कुणीही रोगाचं नाव ठरवू शकत नाही, मीही ठरवत नाही. पण असंच सगळं आमच्या गटात घडून गेलंय आणि त्यात जे गमावलं ते आजही सलतं, म्हणून लांबलचक लिहितेय. खुराडं, खाद्य, शिंपल्यांचा चुरा वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडून देते.

पहिलं म्हणजे तारखा मोजा. प्रत्येक रोगाचं आपलं वेळापत्रक असतं. संसर्गजन्य ब्रॉन्कायटिस असेल तर एक-दोन दिवसांतच शिंका सुरू होतात. कोरायझा, ज्यात तोंड सुजतं आणि नाकातून घाण वासाचा शेंबूड येतो, तो १ ते ३ दिवसांत दिसतो. मानमोडी, म्हणजे रानीखेत, २ ते १५ दिवसांत, बहुधा पाच-सहा दिवसांतच. मायकोप्लाझ्मा, म्हणजे रेंगाळणारी सर्दी करणारा जंतू, त्याला ६ ते २१ दिवस लागतात. तुमच्या कोंबड्या तिसऱ्या दिवशी शिंकायला लागल्या असत्या तर मीसुद्धा त्या डालग्याकडे बोट दाखवलं असतं.

पण तुम्ही जे वर्णन केलंय, एक पाय पुढे, एक मागे, मान ताठ, डोळ्यांत तरतरी, दाणे समोर ठेवले तर टिपते, पण उठता येत नाही, ते ऐकून कोंबड्या पाळणारा कुणीही आधी मॅरेक्सचं नाव घेईल. योझेफ मारेक या हंगेरियन पशुवैद्याने १९०७ मध्ये या रोगाचं वर्णन केलं, त्यांचंच नाव त्याला पडलं. हा हर्पीस जातीचा विषाणू. पिसांच्या मुळांशी तो तयार होतो आणि पिसांच्या कोंड्यातून बाहेर पडतो. खुराड्यातल्या धुळीत तो महिनोन् महिने टिकतो. पिल्लू ती धूळ श्वासावाटे घेतं आणि आत सगळं गुपचूप चालतं. पायांत दिसायला साधारण तीन-चार आठवडे लागतात, बरेचदा त्याहून जास्त. क्वचित लवकरही काही दिसू शकतं, म्हणून शंभर टक्के म्हणत नाही. तरी आठवड्यापूर्वी आलेल्या पाहुण्यांच्या पिल्लांमुळे चार महिन्यांची तलंग अशी बसणं फार अवघड आहे. बहुतेक तो विषाणू तुमच्याच अंगणात आधीपासून असणार.

म्हणजे गटाने ज्यांना दोषी धरलंय, त्यांचंच नुकसान व्हायची शक्यता जास्त! त्यांची कोवळी पिल्लं तुमच्या अंगणातल्या धुळीत दिवसभर बसून गेली. लहान पिल्लांनाच हा रोग सगळ्यात आधी गाठतो. त्यांना आजच फोन करा. जाब विचारायला नव्हे, सावध करायला: ती पिल्लं बाकीच्यांपासून वेगळी ठेवा म्हणावं.

आता आमचं काय झालं ते.

आमच्याकडेही तलंग अशीच गेली, गटाच्या जेवणानंतर थोड्याच दिवसांनी. मी ती दोन पिशव्यांत गुंडाळली, आजूबाजूला बर्फ ठेवला आणि सकाळी कार्यालय उघडायच्या वेळेला दारात हजर. कुठलं कार्यालय ते लिहीत नाही. कारकुनाने एक अर्ज पुढे सरकवला. त्यात रकाना होता, ‘एकूण पक्षी (हजारांत)’. मी ११ लिहिलं. त्याने ते खोडलं, म्हणाला, हजारांत लिहा. म्हटलं, अहो, अकराच आहेत, हजारांत कसे लिहू? त्याने पेन टेबलावर ठेवलं आणि फार्मचा नोंदणी क्रमांक मागितला. फार्म नाही, अंगण आहे. मग साहेब बैठकीला. मग साहेब दौऱ्यावर. मग, नमुना ठेवून जा, साहेब आले की बघतील.

त्यांनी तो नमुना फ्रीझरमध्ये टाकला. अहवाल आला तेव्हा त्यात एकच ओळ होती: ‘नमुना गोठलेला असल्याने ऊतक तपासणीस अयोग्य.’ खाली सही, शिक्का. गोठवला कुणी? त्यांनीच. हे विचारायला गेले तर खिडकीतल्या माणसाने शांतपणे सांगितलं की नमुना योग्य स्थितीत देण्याची जबाबदारी अर्जदाराची.

कोंबडी गेली याचं दुःख झालंच. पण खरी किंमत पुढे मोजली. निदान नाही म्हटल्यावर ज्याला जे वाटेल ते तो बोलू लागला. आमच्यातल्या एकीने मला पाण्याचं भांडं उसनं दिलं होतं. तिच्या कोंबड्यांना मागे कधीतरी सर्दी झाली होती. झालं, भांड्यातूनच रोग आला असं ठरलं. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण पुढच्या जेवणाच्या यादीत तिच्या नावापुढे ‘कागदी पेले’ आलं, म्हणजे घरचा पदार्थ नको. ती समजली. आली नाही, परत कधीच नाही. खुडूक कोंबडी अंड्यांवर कधी बसवायची आणि कधी उठवायची, यातलं तिच्याइतकं आमच्यात कुणालाच कळत नव्हतं.

पुढे त्याच तुकडीतली आणखी एक तलंग गेली. या वेळी मी दुसरीकडे, एका प्रयोगशाळेत नेली. तिथल्या डॉक्टरांनी मला आत बोलावून दाखवलं. दोन्ही मांड्यांचे स्नायू बाजूला केले होते आणि आत एकेक पांढरी दोरी. डावीकडची बारीक, चकचकीत, अंगावर अगदी नाजूक आडव्या रेघा. उजवीकडची तिच्या दुप्पट जाड, पिवळट, फुगलेली, आणि रेघा पुसून गेलेल्या. ही पायाची नस, म्हणाले, मॅरेक्स. पुढे सूक्ष्मदर्शकाखालीही तेच निघालं. भांड्याचा काही संबंध नव्हता, पिल्लं लस न दिलेली आणली होती एवढंच. तोवर गट फुटायचा तो फुटला होता.

म्हणून तुम्हाला कुणीही, कितीही मोठ्या खुर्चीवरून, ‘फ्रीझरमध्ये ठेवा, नंतर आणा’ म्हणालं तर ऐकू नका. तुमच्या कार्यालयानेही तेच सांगितलंय असं तुम्ही लिहिलंय, ते वाचूनच माझं डोकं फिरलं. गोठवलं की पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासारखं काही उरत नाही. मेलेला पक्षी लगेच थंड करायचा, दोन पिशव्यांत बांधायचा, फ्रिजच्या साध्या कप्प्यात ४ अंशांच्या आसपास ठेवायचा आणि शक्यतो दुसऱ्या दिवशीच पोचवायचा. जाण्याआधी फोन करून विचारा की घरगुती पाळणाऱ्यांचे पक्षी घेता का, आणि नमुना पोचला त्याच दिवशी उघडता का. पावतीवर नमुना दिल्याची वेळ आणि ‘थंड केलेला, न गोठवलेला’ असं लिहून घ्या. पशुवैद्यकीय महाविद्यालयाची प्रयोगशाळा जवळपास असेल तर आधी तिथे विचारा. विद्यार्थ्यांना शिकायला असे पक्षी हवेच असतात, असा माझा तरी अनुभव आहे.

एक अपवाद, आणि तो महत्त्वाचा. एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे निळे-काळे पडले, डोकी सुजली, माना वळल्या, तर गाडीत घालून कुठेही नेऊ नका. हात लावू नका, कुणाला आत येऊ देऊ नका, सरळ पशुवैद्यकीय खात्याला कळवा. बर्ड फ्लू किंवा मानमोडीचा संशय असेल तर त्या खात्यावरचा माझा सगळा राग बाजूला ठेवून मीही तेच करीन.

आता अंगतपंगत. ती जरूर करा. माणसं एकत्र जेवल्याने कोंबड्या मरत नाहीत. कोंबड्यांना एकत्र आणल्याने मरतात. माझं मत कडक आहे आणि ते अनेकांना आवडत नाही: जेवणाच्या दिवशी पक्ष्यांची देवाणघेवाण नको. पिल्लं नकोत, खुडूक कोंबडी नको, ‘नुसता दाखवायला आणलाय’ असा कोंबडाही नको. ज्यांना पक्षी द्यायचे-घ्यायचे आहेत त्यांनी आपसात वेगळा दिवस ठरवावा आणि घरी नेलेला पक्षी ३० दिवस वेगळा ठेवावा. वेगळा म्हणजे दुसऱ्या टोकाला, त्याच जाळीपलीकडे नव्हे. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रेसुद्धा फिरवू नका. पुठ्ठा धुता येत नाही.

तूर्तास तुमच्याकडे नको. निदान होईपर्यंत जेवण अशा कुणाकडे ठेवा ज्यांच्याकडे कोंबड्याच नाहीत, किंवा उघड्या मैदानात. तुम्ही जाताना अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून जा आणि खुराड्यात वापरता ती पादत्राणं घरीच ठेवा. मॅरेक्सची धूळ कपड्यांवरूनही जाते. दारात जंतुनाशकाची परात ठेवून लोकांना तिच्यात पाय बुडवायला लावतात, ते मला निम्मं नाटक वाटतं. चिखल आणि शीट आधी ब्रशने घासून काढल्याशिवाय ते औषध काही करत नाही.

पदार्थांबद्दल दोनच गोष्टी. ज्यांच्या कोंबड्या औषधावर आहेत त्यांनी अंड्याचा पदार्थ आणू नये. औषधाच्या वेष्टनावर अंडी किती दिवस टाकून द्यायची ते लिहिलेलं असतं, आणि काही औषधं अंड्यावरच्या कोंबडीला द्यायचीच नसतात. हे विचारायला संकोच वाटतो, म्हणून यादीतच सगळ्यांसाठी एक रकाना ठेवा, म्हणजे कुणा एकाकडे बघून विचारल्यासारखं होत नाही. दुसरं, घरची अंडी ताजी असली तरी साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू अंड्याच्या आतही असू शकतो, त्यामुळे कच्च्या अंड्याचं मेयोनेज वगैरे या दिवशी नकोच. अंडी घातलेला पदार्थ मध्यभागी ७१ अंशांपर्यंत तापलेला हवा आणि बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये. कडक उन्हाळ्यात तर एकच तास. आणि यजमानांच्या कोंबड्यांना हात लावून आलेल्या मुलांना हात धुतल्याशिवाय ताटावर बसवू नका.

उरलेलं अन्न कोंबड्यांपुढे ओतायचा मोह सगळ्यांना होतो. खारट, बुरशी आलेलं, कच्च्या राजम्याचं, अ‍ॅव्होकॅडोचं, चॉकलेटचं काही देऊ नका. झुडपाखाली सडत पडलेलं अन्न किंवा मेलेला उंदीर खाल्ला तर बोट्युलिझम, म्हणजे सडक्यातल्या जंतूंच्या विषाने येणारा लुळेपणा, होऊ शकतो. त्यातही पाय जातात, पण मानही लुळी पडते आणि सगळं काही तासांत ते एक-दोन दिवसांत होतं. तुमच्या तलंगेची मान ताठ होती म्हणता, म्हणून तो संशय मी मागे टाकला.

जी दुसरी वाळतेय ती आजच वेगळी करा. रात्री तिला हातात घेऊन छातीचं हाड चाचपा, सुरीच्या धारेसारखं लागतंय का बघा, आणि गळ्याखालची दाण्याची पिशवी रात्री भरलेली, सकाळी रिकामी होते का तेही. उजेडात डोळे बघा: बुबुळाचा रंग करडा पडला असेल किंवा बाहुलीची कड वेडीवाकडी दिसत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. मॅरेक्सला औषध नाही. प्रतिजैविकं देऊन पैसे आणि अंडी दोन्ही घालवू नका. पक्षी दाण्या-पाण्यापर्यंत पोचू शकत नसेल तर तिला त्रासातून सोडवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला, आणि त्याच भेटीत शवविच्छेदनाचं ठरवून टाका.

नवी पिल्लं आणाल तेव्हा अंड्यातून बाहेर पडल्याच्या दिवशीच मॅरेक्सची लस दिलेली मागा. लस गाठी आणि लुळेपणा टाळते, संसर्ग टाळत नाही, म्हणून लसीनंतर निदान दोन आठवडे तरी त्यांना जुन्या खुराड्याच्या धुळीपासून लांब ठेवा. तुमच्या या दोन्ही तलंगा कुठून आणल्या होत्या आणि त्यांना ही लस दिली होती का, ते विकणाऱ्याला विचारून कळवाल का? त्यावर बाकीच्या कोंबड्यांचं काय करायचं ते सांगता येईल.