मराठी सोडू नका, आणि वाटही पाहत बसू नका

प्रश्न : आमचा मुलगा सव्वीस महिन्यांचा आहे आणि आठ-दहा शब्दांपलीकडे बोलत नाही. डे-केअरमधल्या बाईंनी घरी फक्त इंग्रजी बोलण्याचा सल्ला दिला आहे. वडोदऱ्याहून सासूबाई म्हणतात, ‘ह्याचा बाबासुद्धा तिसऱ्या वर्षी बोलला, बोलेल हो!’ कोणाचे ऐकावे? – एक आई, न्यू जर्सी

उत्तर : दोन्ही सल्ले मायेपोटीच दिलेले आहेत, तरीही आपण दोन्ही बाजूला ठेवावेत असे मी सांगेन.

आधी मराठीविषयी. मी वडोदऱ्यात, दांडिया बाजाराजवळ राहते. इथल्या मराठी घरांतली मुले कित्येक पिढ्या घरात मराठी, दाराबाहेर गुजराती आणि शाळेत आणखी एखादी भाषा ऐकत वाढली आहेत. भाजीवाल्याला ‘केटला थया?’ विचारणारी आजी त्याच दमात नातवाकडे वळून ‘चप्पल घाल बरं’ म्हणते आणि नातवाला दोन्ही कळते. दोन भाषा कानावर पडल्याने बोलणे लांबत नाही, असेच अभ्यासही सांगतात. ज्या मुलाला भाषेची खरोखरच अडचण असते, त्याला ती दोन्ही भाषांत जाणवते. त्यामुळे एक भाषा काढून घेतल्याने दुसरी सुधारत नाही. उलट, ज्या भाषेत आपण सहज लाड करता, रागावता, गोष्ट रंगवून सांगता, ती बंद केली तर घरातले बोलणेच आटते, आणि उशिरा बोलणाऱ्या मुलाला तर भरपूर बोलणे ऐकायला मिळण्याची सर्वांत जास्त गरज असते.

मात्र शब्द नीट मोजा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांतले शब्द एकत्र धरायचे असतात. ‘मंमं’, ‘भूभू’, ‘भुर्र’, ‘दुदू’ हेही शब्दच आहेत. मूल दर वेळी त्याच वस्तूसाठी किंवा क्रियेसाठी आणि स्वतःहून तो आवाज काढत असेल, तर उच्चार कितीही बोबडा असला तरी तो यादीत लिहावा. पुष्कळ पालक हे शब्द सोडून देतात आणि विनाकारण घाबरतात. दोन वर्षांच्या सुमारास मुलाकडे साधारण 50 शब्द असावेत आणि ‘बाबा ये’, ‘अजून दूध’ अशी दोन शब्दांची जोडणी सुरू झालेली असावी, अशी अपेक्षा असते. आपली यादी अशी मोजूनही दहा-पंधरावरच थांबत असेल, तर तपासणी करायलाच हवी.

म्हणूनच सासूबाईंचा धीर मला पुरेसा वाटत नाही. उशिरा बोलणारी बरीच मुले पुढे बरोबरीला येतात हे खरे आहे, पण त्यांतले कोणते मूल आपोआप येईल हे दुसऱ्या वर्षी खात्रीने सांगता येत नाही. शिवाय वडीलही उशिरा बोलले होते, ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण घरात असा इतिहास असला की अधिक लक्ष द्यावे लागते.

पहिली तपासणी कानांची. जन्मानंतरची श्रवणचाचणी ठीक आली होती म्हणून ती टाळू नका. वारंवार सर्दी झाल्याने कानाच्या पडद्यामागे पाणी साचले तरी मुलाला बोलणे पुसट ऐकू येते, आणि असे मूल दाराची घंटा वाजली की मागे वळूनही पाहते, त्यामुळे घरच्यांच्या लक्षात येत नाही. दुसरी पायरी म्हणजे आपल्या राज्याचा अर्ली इंटरव्हेन्शन कार्यक्रम, म्हणजे वाढीत मागे पडणाऱ्या लहान मुलांना लवकर मदत देणारी सरकारी सोय. अमेरिकेत तीन वर्षांखालील मुलांची तपासणी त्यात विनामूल्य होते, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, पालक स्वतः फोन करू शकतात, आणि नाव नोंदवल्यापासून 45 दिवसांत तपासणी होऊन मदतीची आखणी करणारी पहिली बैठक व्हावी असा नियम आहे. मुलगा तीन वर्षांचा झाला की ही सोय संपते आणि पुढचे काम शाळा-जिल्ह्याकडे (स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) जाते. आपल्या हातात दहाच महिने आहेत, तेव्हा याच आठवड्यात फोन करा. घरात मराठी बोलतो हे आधीच सांगून दुभाषा मागा, आणि शब्दांची यादी अर्थासह लिहून न्या, नाही तर ‘भुर्र’ हा शब्द तपासनिसाला निव्वळ आवाज वाटेल.

मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, बोटाने दाखवत नसेल, साधी सूचना समजत नसेल, तर हे सगळे अधिक निकडीचे होते. येत असलेले शब्द मूल विसरू लागले, तर वय कोणतेही असो, एक दिवसही थांबू नका.

घरी करण्यासारखे सर्वांत मोलाचे काम म्हणजे प्रश्न कमी करणे. ‘हे काय? बोल ना! आजीला सांग ना!’ या माऱ्याने मूल गप्प होते. तो ‘गाडी’ म्हणाला तर आपण ‘गाडी गेली’ म्हणावे, आणि मग मनात दहापर्यंत मोजून थांबावे. हे थांबणे फार जड जाते, पण मूल बहुधा त्याच शांततेत तोंड उघडते. वस्तू अडवून धरून ‘आधी म्हण, मग देईन’ असे मात्र करू नये.

आजीचा व्हिडिओ कॉलही असाच वापरता येईल. शनिवारी आपल्याकडे न्यू जर्सीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात होतात, म्हणजे पोळ्यांचीच वेळ. सासूबाईंना फोन पोळपाटाकडे वळवून ठेवायला सांगा. गोळा घेतला, पीठ लावले, लाटले, गोल झाली, तव्यावर टाकली, ‘फुगली, फुगली!’ एवढेच त्यांनी दर शनिवारी त्याच शब्दांत म्हणावे. त्याच वेळी मुलाच्या हातात आपणही कणकेचा छोटा गोळा द्यावा. तिसऱ्या-चौथ्या शनिवारी पोळी तव्यावर पडली की आजीने लगेच काही न बोलता थोडे थांबून पाहावे. त्याने नुसते गाल फुगवले, तरी आजीने त्याच्याकडे पाहून ‘हो रे, फुगली!’ म्हणावे आणि पुढची पोळी लाटायला घ्यावी.